सूर्यावरचं वादळ आणि पत्र्याच्या डब्यातला मोबाइल



शनिवार, ११ मे २०२४. रात्रीचा दीड वाजून गेला असेल. दार जोरजोरात वाजलं. उघडलं तर आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी एक सून धापा टाकत उभी. “ताई, लवकर चला. आत्याबाई घामाघूम झाल्यात, काहीतरीच बोलतात, मला ओळखत नाहीत.”

आजींना बऱ्याच वर्षांचा मधुमेह. त्या दिवशी उकाड्यानं भूक नव्हती. रात्रीचं जेवण अर्धंच झालं, गोळी मात्र रोजचीच घेतली. जाऊन पाहिलं तर अंग गार, घामानं ओलंचिंब, हात थरथरत होते. रक्तातली साखर उतरली होती. शुद्ध होती, गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा-वीस मिनिटांत आजी ताळ्यावर आल्या. मग थोडा वरणभात भरवला. सकाळी दवाखान्यात नेऊन डॉक्टरांकडून गोळीचं प्रमाण तपासून घेतलं.

आजी वाचल्या. पण सून नंतर जे बोलली ते माझ्या मनातून जात नाही. “तुम्हाला फोनच केला असता ताई. पण घरातले तिन्ही मोबाइल बंद करून पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. आज रात्री सूर्याची किरणं येणार, बाहेर पडू नका, असा मेसेज आला होता. अर्धा तास मी दाराशीच उभी होते.”

मधुमेहाच्या माणसाची साखर उतरली की अर्धा तास फार मोठा असतो. तेवढ्यात माणूस बेशुद्ध पडतो, झटके येतात, जीवही जातो. त्या अर्ध्या तासात आजींच्या जिवावर जे बेतलं होतं ते सूर्यामुळे नव्हतं. एका मेसेजमुळे होतं. म्हणून या वेळचं आरोग्याचं पान सूर्यावरच्या वादळासाठी.

वादळ खरं होतं, मेसेज खोटा होता

“रात्री साडेबारा ते साडेतीन घातक किरणं पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाइल अंगाजवळ ठेवू नका,” हा मेसेज जुनाच आहे. कधी तो नासाच्या नावानं येतो, कधी बीबीसीच्या. वर्षानुवर्षं तीच वेळ, तीच भीती. फक्त ‘आज रात्री’ बदलत राहते.

पण त्या आठवड्यात सूर्यावर खरोखर मोठं वादळ झालं होतं, हेही तितकंच खरं. १० आणि ११ मे २०२४ ला पृथ्वीवर जे चुंबकीय वादळ आलं, ते मोजपट्टीवरच्या सर्वांत वरच्या, पाचव्या दर्जाचं होतं. ऑक्टोबर २००३ नंतर एवढं मोठं वादळ पहिल्यांदाच आलं. एरवी ध्रुवाजवळच्या देशांत दिसणारा तांबूस प्रकाश त्या रात्री आपल्या लडाखमधल्या हानले गावच्या आकाशातही टिपला गेला. टीव्हीवर त्याची बातमी आली आणि जुन्या मेसेजला नवे पाय फुटले. अर्धं खरं आणि अर्धं खोटं एकत्र मिसळलं की अफवा पक्की होते. म्हणून आधी खरं काय ते समजून घेऊ.

सूर्यावर होतं तरी काय?

सूर्य म्हणजे तापलेल्या वायूचा प्रचंड गोळा. त्याच्या पोटात चुंबकाची ताकद सतत ढवळत असते. जिथं ही ताकद एकवटते तिथला भाग आजूबाजूपेक्षा थोडा थंड राहतो आणि आपल्याला काळा दिसतो. त्याला सौर डाग म्हणतात. एखादी नाडी पीळ देत देत घट्ट करत जावी आणि एका क्षणी ती ताडकन तुटावी, तसं डागाजवळच्या चुंबकीय रेषांचं होतं. तुटताना साठलेली ताकद बाहेर पडते. हेच सूर्यावरचं वादळ. साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात हे डाग आणि वादळं वाढतात, मग कमी होतात, पुन्हा वाढतात. २०२४ हे वाढीच्या शिखराचं वर्ष होतं.

वादळातून निघालेल्या गोष्टी आपल्यापर्यंत एकदम येत नाहीत. १४ एप्रिलची मिरवणूक डोळ्यासमोर आणा. रथ चौकात पोहोचायच्या कितीतरी आधी ताशाचा आवाज कानावर येतो. मग पुढं पळणारी पोरं दिसतात. सगळ्यात शेवटी सावकाश रथ येतो. सूर्याचंही तसंच. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर लांब आहे. वादळाचा उजेड, क्ष-किरण आणि रेडिओ लहरी हे अंतर सव्वाआठ मिनिटांत कापतात. ही ताशाची पहिली थाप. त्यामागून काही वेळा वेगवान कण येतात. त्यांना अर्धा तास ते काही तास लागतात. आणि सूर्यानं फेकलेला वायूचा मोठा ढग, म्हणजे रथ, यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. तोच पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळतो आणि चुंबकीय वादळ होतं.

यातली रेडिओची थाप शास्त्रज्ञांच्या फार उपयोगाची. तिला सौर रेडिओ स्फोट म्हणतात. स्फोट म्हटलं तरी कानाला धमाका ऐकू येत नाही. रेडिओ यंत्रात खरखर भरते, एवढंच. ढग सूर्यापासून जसजसा वर सरकतो तसतशी या लहरींची पट्टी खाली उतरत जाते. ती किती झपाट्यानं उतरते यावरून ढग किती वेगानं निघालाय याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे ही खरखर आपल्याला मारायला आलेली नसते. मागून काय येतंय याची वर्दी देत असते.

शत्रू समजले, निघाला सूर्य

या रेडिओ लहरींचा शोधही भीतीतूनच लागला. फेब्रुवारी १९४२, दुसरं महायुद्ध चालू होतं. ब्रिटिश फौजेच्या रडारमध्ये अचानक जबर खरखर सुरू झाली. त्याच महिन्यात जर्मनांनी ब्रिटिशांची रडार बंद पाडली होती, त्यामुळे हेही त्यांचंच काम असणार, असं वाटणं साहजिक होतं. तपासाचं काम जेम्स स्टॅनली हे यांच्याकडे होतं (त्यांचं आडनावच ‘हे’). खरखर कुठल्या दिशेनं येते ते त्यांनी नीट पाहिलं. दिवसभरात ती दिशा सूर्याबरोबर सरकत होती. ग्रिनिच वेधशाळेकडे चौकशी केली तर सूर्यावर त्या वेळी मोठा डाग होता. शत्रू नव्हता, सूर्य होता.

२३ मे १९६७ ला तर याहून वाईट वेळ आली. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसले होते. अशात अमेरिकेची उत्तरेकडची, क्षेपणास्त्रांवर नजर ठेवणारी रडार एकदम निकामी झाली. हा रशियाचा डाव समजून विमानं उडवायची तयारी सुरू झाली. पण सूर्यावर लक्ष ठेवून असलेल्या हवाई दलाच्या शास्त्रज्ञांनी वेळेत कळवलं, की हा सूर्यावरचा रेडिओ स्फोट आहे. विमानं जमिनीवरच राहिली. एवढ्या मोठ्या फौजेची भीती कशानं उतरली? यज्ञानं नाही, ताविजानं नाही. कारण शोधून उतरली.

महाराष्ट्राचाही या शास्त्रात जुना वाटा आहे. १ सप्टेंबर १८५९ ला रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज अभ्यासकानं सूर्यावरची मोठी ज्वाला पाहिली. पुढच्या दिवशी पृथ्वीवर इतकं मोठं चुंबकीय वादळ आलं, की युरोप-अमेरिकेत तारायंत्रांमधून ठिणग्या उडाल्या. त्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय मोजमाप चालू होतं. तिथल्या त्या नोंदी आजही जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. पुढं मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची मोठी रेडिओ दुर्बीण आहे. आणि २ सप्टेंबर २०२३ ला सोडलेलं आपलं आदित्य-एल१ हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर राहून सूर्याकडे सतत पाहतं आहे. आपल्या मुलामुलींना हे सांगा. या कामात उद्या त्यांचीही जागा आहे.

आपल्या अंगाला काय होतं?

माझ्याकडे येणाऱ्या बायाबापड्यांचे प्रश्न असे असतात: बीपी वाढेल का? पोटातल्या बाळाला काही होईल का? छातीत पेसमेकर आहे, तो बंद पडेल का? जमिनीवर राहणाऱ्या माणसासाठी उत्तर एकच: सौर वादळ म्हणून घाबरायचं कारण नाही. का, तेही समजून घ्या.

पहिलं, रेडिओ लहरी. उजेड आणि रेडिओ लहरी ही एकाच घराण्यातली भावंडं. त्यातली रेडिओ लहर उजेडापेक्षाही दुबळी. सूर्यावरून येणारी ही लहर पृथ्वीवर पोहोचते तेव्हा फार क्षीण असते. ती शरीरातली पेशी मोडू शकत नाही.

दुसरं, क्ष-किरण. हे घातक खरे, पण ते जमिनीपर्यंत येतच नाहीत. आपल्या डोक्यावर कित्येक किलोमीटर उंचीवरची हवा त्यांना शोषून घेते. त्या उंचीवर गडबड होते आणि लांब पल्ल्याचा रेडिओ काही वेळ बंद पडतो, इतकंच.

तिसरं, कण आणि वायूचा ढग. पृथ्वीचं चुंबकीय कवच त्यातलं बरंचसं वळवून लावतं. उरलेल्याला हवा अडवते. आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन म्हणजे सुमारे दहा मीटर खोल पाण्याएवढं. तीन मजली इमारतीएवढ्या उंचीचं पाणी डोक्यावर ढालीसारखं धरलंय असं समजा.

आणि मेसेजमधली ती रात्रीची वेळ? रात्री साडेबाराला सूर्य असतो पृथ्वीच्या पलीकडे. सूर्याचे क्ष-किरण आणि रेडिओ लहरी सरळ येतात, दिवस असलेल्या बाजूवर पडतात. मध्यरात्री आपल्या आणि सूर्याच्या मधे अख्खी पृथ्वी उभी असते. एवढा एक विचार केला असता तर ते तिन्ही मोबाइल डब्यात गेले नसते.

मग त्रास होतो कुणाला? यंत्रांना. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्युबेकमध्ये दीड मिनिटात वीजपुरवठा कोसळला आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. ४ नोव्हेंबर २०१५ ला रेडिओ स्फोटामुळे स्वीडनमधल्या विमानतळांची रडार बिघडली आणि विमानं खोळंबली. उपग्रह, नकाशा दाखवणारं जीपीएस, ध्रुवावरून जाणारी विमानं, अंतराळवीर यांना जपावं लागतं. ते ज्यांचं काम आहे ते लोक जपतात. आपला देश ध्रुवापासून लांब, त्यामुळे विजेच्या जाळ्याला धोका त्या मानानं कमी.

भीतीचा धंदा

त्या रात्रीनंतरच्या आठवड्यात वस्तीत एक माणूस आला. मोबाइलला चिकटवायचा ‘रेडिएशन रोखणारा’ स्टिकर, दोनशे रुपये. बऱ्याच घरांनी घेतला. मी महिला मंडळाच्या बैठकीत एवढंच विचारलं, “स्टिकर लावल्यावर फोन लागतो का?” म्हणाल्या, लागतो. “मग लहरी अडल्या कुठं? अडल्या असत्या तर फोन वाजलाच नसता.” सगळ्या हसल्या, पण दोनशे रुपये गेले ते गेलेच. दोनशे रुपये म्हणजे घरातल्या पोरांचं दूध, अंडी.

तथागतांनी कालामांना सांगितलं तेच इथं लागू आहे. ऐकीव आहे म्हणून, पूर्वापार चालत आलंय म्हणून, मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखा. ब्रह्मजाल सुत्तात तर ग्रहणं, ग्रहताऱ्यांची भाकितं सांगून पोट भरणं ही भिक्खूसाठी चुकीची उपजीविका म्हटली आहे. बाबासाहेबांनी आपल्याला ग्रहताऱ्यांच्या भीतीतून बाहेर काढलं. तीच भीती ‘किरणं’, ‘रेडिएशन’ असे इंग्रजी शाळेतले कपडे घालून मागच्या दारानं आली, म्हणून तिला पाट मांडायचा का?

सूर्याचा खरा मार

सूर्यापासून आपल्याला धोका नाहीच, असं मात्र नाही. तो आहे, आणि रोजचा आहे: ऊन. सौर वादळामुळे उन्हाळा वाढत नाही. अकरा वर्षांच्या फेऱ्यात सूर्याची एकूण उष्णता हजारात एक भाग एवढीच कमीजास्त होते. पण एप्रिल-मेचं ऊन झाडूवाल्या ताईला, नाक्यावरच्या मजुराला, वीटभट्टीवरच्या जोडप्याला आणि पत्र्याखाली झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला मारतं. सूर्य सगळ्यांवर सारखाच तळपतो, पण सावली सारखी वाटलेली नाही. ‘आज रात्री किरणं’ म्हणून जेवढी धावपळ आपण करतो, तेवढी कामाच्या जागी सावली आणि पिण्याचं पाणी मागण्यासाठी केली तर जीव वाचतील.

उन्हात चक्कर, डोकेदुखी, पायात गोळे, मळमळ, खूप घाम आला की लगेच सावलीत बसवा, कपडे सैल करा, घोट घोट ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

अंग भाजल्यासारखं तापलं, माणूस बरळू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. कपडे काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काख आणि जांघेत ओल्या गार पट्ट्या ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीनं हा ताप उतरत नाही.

दुसरा मार डोळ्यांवर. सौर डाग दिसतात का ते बघायला पोरं उघड्या डोळ्यांनी किंवा जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून सूर्याकडे बघतात. डोळ्याच्या आतला पडदा भाजतो, पण दुखत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो आणि गेलेली नजर परत येईलच असं नाही. पोरांना हे आजच सांगा.

घरात एवढं करा

१. मोबाइल रात्री बंद करू नका, डब्यात ठेवू नका. घरात गरोदर बाई, लहान बाळ, मधुमेह, दमा किंवा हृदयविकाराचा माणूस असेल तर मुळीच नाही.

२. १०८, आशाताई आणि दोन शेजाऱ्यांचे नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. मोबाइल बिघडला, वीज गेली तरी कागद बंद पडत नाही.

३. मधुमेहाच्या माणसाजवळ साखरेची पुडी कायम ठेवा. घाम, थरथर, गोंधळ दिसला आणि गिळता येत असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून, मग जेवण. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

४. वीज गेली तर इन्सुलिन घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती डबी पाण्याच्या माठात ठेवा.

५. कुठल्याही मेसेजमुळे बीपी, साखर, फिट किंवा दम्याचं औषध थांबवू नका.

६. घाबरवणारा मेसेज आला तर पुढं पाठवायच्या आधी तीन गोष्टी विचारा: कुणी सांगितलं? तारीख कोणती? आणि यातून कुणाचा फायदा?

त्या आजी आता बऱ्या आहेत. दर पौर्णिमेला विहारात येतात. त्यांच्या सुनेनं तो पत्र्याचा डबा स्वयंपाकघरात नेला, त्यात आता साखर असते. मोबाइल उशाशी, चालू.

जयभीम! नमो बुद्धाय!